झोपून पाहिलेली जागा

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९७४. पिंपरी

कंपनीने वाटलेली ही डायरी महिनाभर तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून पडली होती. आज ती काढून घेतली. पद्मा म्हणाली, आता डब्यावर काय ठेवू? मी म्हटलं, पाटा ठेव. तिने खरंच पाटा ठेवला. झोप नसली की मी असंच तोडून बोलतो.

माझं काम तपासनीसाचं. भट्टीतून निघालेले गिअर पुरेसे कडक झालेत की नाही ते यंत्रावर बघायचं, मऊ निघेल तो बाजूला काढायचा. भट्टीचा माल रात्रीच बाहेर येतो, म्हणून मला कायमची तिसरी पाळी. सकाळी आठच्या सुमाराला घरी येऊन आडवा होतो आणि नेमकी तेव्हाच आमची चाळ अंगात आल्यासारखी करते. नळावर भांडी आपटतात. समोरची चतुराबाई उखळात पापडाचं डांगर कुटते. भिंतीपलीकडच्या सोजरबाईंच्या दारात सगळ्या बाया जमतात, त्यात आमचं कुटुंबही असतं. त्या हळू बोलतात म्हणे. पद्माच्या मते मी झोपलेला असताना सोजरबाई पोरांना ओरडतातसुद्धा कुजबुजून. त्या कुजबुजीनेच मला जाग येते.

सोमवारी टेबलावरच डोळा लागला आणि मऊ माल पास होऊन पुढे गेला. साहेबांनी मेमो दिला. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं तोंडी वर सांगितलं. पद्माला दिवस गेलेत, आत्ता कुठे दुसरा लागलाय. अशात घरी बसून कसं चालेल?

तेव्हा ठरलं. घर बदलायचं. शांत जागा बघायची.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

लोक घर बघताना पाणी विचारतात, उजेड बघतात, मालक कुठला ते विचारतात. मला हे सगळं बिनकामाचं वाटतं. आमच्या खात्यात माल डोळ्यांनी पास करत नाहीत, यंत्राखाली घालतात. मी घरांचंही तसंच करायचं ठरवलं. भर दुपारी सतरंजी घेऊन जायचं, रिकाम्या खोलीत आडवं व्हायचं. झोप लागली तर जागा पास. नाही लागली तर रिजेक्ट.

सुरेंद्रला हे सांगितलं तर तो हसून हसून कँटीनच्या बाकावरून पडायचा राहिला. सुरेंद्र माझ्याच खात्यातला, दुसऱ्या पाळीचा. राहायला चिंचवड गावात. म्हणाला, "राव, घरमालक पोलिसात देतील तुम्हाला."

आज सुट्टी होती म्हणून दोन जागा झाल्या. कासारवाडीची खोली दिसायला झकास, पण आगगाडी गेली की जमिनीतून पाठीत शिरते. भोसरीला खोलीच्या मागेच पत्रे ठोकायचा कारखाना. मालक म्हणाला, आज सुट्टी आहे म्हणून शांत आहे, एरवी थोडा आवाज असतो. त्या शांततेतसुद्धा कुणीतरी एक जण ठोकतच होता. दोन्ही रिजेक्ट.


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

काल रात्री घरी होतो. दिवा मालवला आणि पद्माने उशाकडच्या भिंतीवर हाताने दोनदा थापटलं. पलीकडून सोजरबाईंनी थापटलं. मी म्हटलं, हे काय चाललंय?

ती म्हणाली, रोजचंच आहे. सोजरबाईंचा नवरा ज्योतीराम फाउंड्रीत, तोही बहुतेक रात्रपाळीलाच. दोघी एकट्या. तेव्हा झोपताना एकीने थापटायचं, दुसरीने उत्तर द्यायचं, म्हणजे दोघी ठीक आहेत. रात्री काही झालंच तर जोरात थापटायचं. दुष्काळात या बाया उस्मानाबादकडून खडी फोडायच्या कामावर हिंडत इकडे आल्या, तेव्हा पालात झोपताना मधल्या काठीवर अशाच टिचक्या मारायच्या म्हणे.

मी म्हटलं, मी घरात असताना तरी कशाला पाहिजे? तर म्हणते, "तुम्ही आहात हे त्यांना कसं कळणार? थापटलं नाही तर त्या उठून येतील ना."

पोरखेळ आहे. पण आठवड्यातून एक रात्र मला झोपायला मिळते, त्यातही या टिचक्या.


गुरुवार, ७ मार्च

चिंचवड गावात सुरेंद्रच्या लगतची खोली रिकामी झाली. पद्माला ती पाहिजेच आहे. सुरेंद्रची बायको चारुलता आणि ती आल्याआल्या गळ्यात गळे घालून बसल्या. चारुलतेने पद्माच्या पोटाकडे बघून लगेच जायफळ घालून काहीतरी करून दिलं. पद्मा म्हणाली, "अहो, दारातून हाक मारली तरी चारुताईंना ऐकू जाईल."

मी म्हटलं, हाच तर दोष आहे.

तरी न्यायाने वागलो. सतरंजी टाकली, आडवा झालो. तीन घरं सोडून पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजाचीही सवय होईल एकवेळ, पण पट्टा मधेच घसरतो आणि गिरणीवाला शिव्या देतो, त्याची व्हायची नाही. मी उठून सतरंजी गुंडाळली.

घरी येताना बसमध्ये पद्मा खिडकीतून बाहेर बघत होती. चिंचवड स्टेशन आलं तेव्हा म्हणाली, "गिरणी रात्री बंद असते." रात्री मी कुठे घरी असतो?


गुरुवार, २८ मार्च

सापडली.

निगडीच्या नाक्यावर उतरून आत माळाकडे चालत जायचं. वस्तीचा ओढा ओलांडला की उघडा माळ लागतो. त्यात दोन खोल्यांचं नवं घर, कौलारू, समोर एक बाभळ. सोपानराव म्हणून इथले जुने शेतकरी आहेत, त्यांनी मुलासाठी बांधलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत लागला आणि तिकडचाच झाला. सोपानरावांची वस्ती ओढ्याच्या अलीकडे. त्यांच्या मंडळी कौसल्याबाई किल्ली घेऊन आल्या. मी सतरंजी अंथरून आडवा झालो तशा त्या बिचकल्या, म्हणाल्या, "आवं, चक्कर आली का काय?" मी सांगितलं, नाही, झोपून बघतो. त्या दारातच उभ्या राहिल्या. नंतरचं मला माहीत नाही, कारण मी झोपलो होतो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवलेला. उठून बाहेर आलो तर वाऱ्याशिवाय काही नाही. कुत्रंसुद्धा नाही. मला अक्षरशः रडू आलं. कौसल्याबाई ओढ्यावरून चहा घेऊन आल्या, तेव्हा मी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यांनी विचारलं, "मालकीनबाईंनी बघितलं का घर?"

म्हटलं, बघेल की. जागा पास झालेली आहे.


गुरुवार, ४ एप्रिल

पद्माला घेऊन जाऊन आलो. उजेड आहे, विहिरीचं पाणी गोड आहे, हवा तर विचारू नका. तिने दोन्ही खोल्या फिरून बघितल्या. मागच्या भिंतीला बाहेरून वळसा घालून आली. मग विचारलं, "या भिंतीपलीकडं काय आहे?"

म्हटलं, काही नाही, माळ. थेट देहूरोडपर्यंत.

"आणि रात्री इथं कोण असतं?"

म्हटलं, कुणी म्हणता कुणी नसतं, हीच तर इथली मजा आहे. विजेचे खांब येऊन पडलेत, वर्षभरात दिवे लागतील. प्राधिकरणवाले सगळा माळ आखून घेणार आहेत, पाच वर्षांनी इथे जागा मिळायची नाही.

"पाच वर्षांनी," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमची झोप झाली म्हणजे झालं."

माझी झोप म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे तिचं आणि येणाऱ्याचं पोट. तिला ते कळतं. कळतं म्हणून तर हट्ट केला नाही.


शुक्रवार, १२ एप्रिल. निगडी

काल हलवाहलव केली. टेंपोत सामान बसलं, वर जागा उरली. सोजरबाई रडल्या. "पद्माताई, तितं शेजार कोन हाय?" असं तीनतीनदा विचारत होत्या. पद्मा म्हणाली, कौसल्याबाई आहेत. ओढ्याचं तिने सांगितलं नाही.

निघताना ती पुन्हा आत गेली. मी हाका मारतोय आणि ही रिकाम्या खोलीत भिंतीला हात लावून उभी. खिळे राहिलेत का बघत असावी. मी सगळे काढले होते.


गुरुवार, २५ एप्रिल

झोप म्हणजे काय असते ते आता समजलं. सकाळी येतो, पद्मा गरम भाकरी वाढते, आडवा होतो ते एकदम दुपार टळून गेल्यावरच उठतो. कामावर डोकं लख्ख असतं. परवा भट्टीचा आख्खा घाणा मऊ निघाला, तो मी पहिल्याच नगावर पकडला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, याला म्हणतात तपासणी. मेमोचं प्रकरण मिटलं.

पद्माही इथे फार शांत झाली आहे. चाळीत दिवसभर तोंड चालू असायचं. आता मी झोपलो की आवाज नाही, उठलो तरी आवाज नाही. फक्त गुरुवारी रात्री मात्र बोलत सुटते. कऱ्हाडचं बोलते, आईचं, भावाचं, लहानपणी बहिणीबहिणी एका गोधडीत चार झोपायच्या त्याचं. मला वाचायचं असतं. आठवडाभराचं बोलणं साठवून ठेवते बहुधा.


शुक्रवार, १० मे

मालकांशी बोलावं लागणार. मागच्या खोलीत पद्माच्या उशाकडे भिंतीचा गिलावा सुटायला लागलाय. आधी नुसती भुकटी पडत होती, आता हाताच्या पंजाएवढा खड्डा झालाय. नवं घर आणि ही अवस्था. वाळू जास्त, चुना कमी, दुसरं काय. गंमत म्हणजे बाकी सगळी भिंत ठणठणीत आहे.

पद्माला विचारलं, कधीपासून पडतोय? म्हणाली, बघितलं नाही. अंथरुणात रोज भुकटी पडते आणि बाईने बघितलं नाही. जाऊ दे. पाचवा महिना लागलाय तिला.


शनिवार, १८ मे

कौसल्याबाई भिंत बघून गेल्या. खड्ड्यावर बोटं फिरवली, मग पद्माकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "लिंपून दिऊ की. त्याचं काय न्हाई." आणि पद्माला म्हणाल्या, "पोरी, संध्याकाळची आमच्याकडं येत जा बसाय."

पद्मा जाते अधूनमधून. पण अंधाराच्या आत परत यावं लागतं. ओढ्यात दगडांवरून पाय टाकायचा, आणि मला दहाच्या बसला डबा करून द्यायचा असतो.


गुरुवार, २३ मे

आज घरात थोडं वाजलं.

सुरेंद्र देहूरोडला बहिणीकडे गेला होता, येताना त्याने एसटीतून बघितलं. काल त्याची पाळी सुटली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, वहिनी निगडी नाक्यावर बसस्टँडवर बसल्या होत्या. गाडी थांबली, मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडीत चढल्या नाहीत. सकाळी जातानाही तिथंच होत्या." सकाळी म्हणजे मी झोपल्यावर.

विचारलं तर नाकबूल नाही केलं. रोज जाते म्हणाली. मला झोप लागली की दार ओढून घ्यायचं, नाक्यावर जायचं आणि बसायचं.

"कशाला?"

"माणसं बघायला."

म्हटलं, पोट घेऊन भर उन्हात रस्त्यावर बसतेस, लोक काय म्हणतील? तपासनीसाची बायको नाक्यावर बसते म्हणतील. ती म्हणाली, "कुणी काही म्हणत नाही. एक भाजीवाली आहे सुभद्राबाई, ती सरकून जागा देते." मग थोड्या वेळाने: "अहो, मी कऱ्हाडला लवकर जाऊ का?"

सातव्यात भाऊ न्यायला येणार, हे ठरलेलं आहे. सहाव्यातच गेली तर घरात काही बिनसलं असं तिकडे वाटेल. शिवाय माझ्या डब्याचं काय? दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे करू, आणि नाक्यावर जायचं बंद. तिने मान हलवली.

माझं चुकलं का काही? मला तरी दिसत नाही.


गुरुवार, ६ जून

कौसल्याबाई खास माझ्याशी बोलायला आल्या. खाली बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. "साह्यब, बाई जड पावलांची हाय. आमची आत्याबाई, गोजाबाई, म्हातारी हाय, तिला झोप कमीच. रातीची इतं निजंल. सकाळी जाईल."

मी गोजाबाईंना बघितलंय. त्यांना दमा आहे. खोकला लागला की वस्तीवरचा आवाज विहिरीपर्यंत येतो. आणि सकाळी जाईल म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसाचं जाणं म्हणजे चहा होईल, गप्पा होतील, ऊन होईल, तोवर मी ताटकळत बसणार. एकदा येणं सुरू झालं की बंद कसं करायचं? मी म्हटलं, तुमचे उपकार आहेत, पण गरज नाही. इथे चोराचिलटाचं भय नाही, तुम्हीच सांगितलं होतंत.

"चोराचं न्हाई म्हनत मी," त्या म्हणाल्या.

पद्मा आतल्या दारात उभी होती. तिला विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मग प्रश्नच मिटला.


शुक्रवार, २१ जून

पाऊस धरलाय. नाक्यापासून घरापर्यंत चिखल, चपला हातात घेऊन यावं लागतं. ओढ्याचे दगड बुडाले, कौसल्याबाईंचं येणं थांबलं. मी वरच्या अंगाने मोठा वळसा घेऊन रस्त्याला लागतो.

मालकांनी लिंपलेलं पुन्हा पडलं. या वेळी विटेपर्यंत. मी मुळात गप्प बसणारा माणूस नाही. काल सुट्टीचा दिवस होता. कंपनीजवळच्या दुकानातून सिमेंट आणून ठेवलं होतं, ते स्वतः कालवलं आणि भिंत भरून काढली. चांगला दाट माल, वर घोटून गुळगुळीत केला. पद्मा बघत होती. मी म्हटलं, आता हातोडा मारलास तरी कपची उडायची नाही. माझ्या हातचं काम आहे.

ती म्हणाली, "हो, कडक झालंय."


शुक्रवार, २८ जून

पद्माच्या उजव्या हाताच्या पेरांवर सालटं निघालीत. म्हणाली, तव्याचा चटका बसला. चटका असा पेरांवर कसा बसतो? बाहेरच्या बाजूने? पण बायकांचं स्वयंपाकघरात काय काय चालतं मला कळत नाही. हळद लावायला सांगितलं. पुढच्या महिन्याच्या मध्यावर तिचा भाऊ शरच्चंद्र येणार आहे. तोवर जपून राहा म्हटलं.


रविवार, ७ जुलै

आज लिहायला बसतो आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे.

मंगळवारी रात्री मी कामावर गेलो. पाऊस होता. बुधवारी सकाळी आलो तर दाराला आतून कडी. हाका मारल्या. आतून काही आवाज आला, पण नक्की शब्द नव्हते. मागच्या खिडकीचा गज वाकवून आत गेलो. पद्मा मागच्या खोलीत भिंतीशी पडलेली होती. अंथरूण सगळं भिजलेलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मी गेल्यावर तिने कडी लावली आणि थोड्याच वेळात दोन खोल्यांमधल्या ओल्या उंबऱ्यावरून घसरून पडली. पाण्याचा हंडा मागे नेत होती. उठता येईना म्हणून सरपटत मागच्या खोलीत गेली. दाराकडे का नाही गेली? दाराबाहेर निदान ओरडता आलं असतं. मी हे चार दिवस स्वतःला विचारतोय. ती भिंतीकडे गेली.

धावत वस्तीवर गेलो. ओढा छातीपर्यंत होता तरी त्यातूनच गेलो, वळसा आठवला नाही. सोपानरावांनी बैलगाडी जुंपली, वरच्या अंगाने आले. नाक्यावर एक मालट्रक थांबला. पिंपरीला येईपर्यंत कौसल्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.

मुलगा होता. डॉक्टरांनी दाखवला नाही, मीही मागितला नाही. डॉक्टर म्हणाले, बाईच वाचली हे पुष्कळ, रात्रीच आणायला हवं होतं. मी म्हटलं, मी कामावर होतो. ते म्हणाले, घरात दुसरं कुणी नव्हतं का? शेजारी?

पद्माच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. काल ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, "मी खूप थापटलं हो."

ग्लानीत असेल असं समजून मी नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, ताप नाहीये.


बुधवार, १० जुलै

घरी जाऊन आलो. तिची लुगडी आणायची होती. कौसल्याबाईंनी खोली सारवून ठेवली होती. अंथरूण दिसलं नाही, मी विचारलं नाही.

भिंत बघितली. माझं सिमेंट शाबूत आहे. एक कपची उडालेली नाही. त्यावर हाताएवढ्या उंचीपर्यंत तपकिरी डाग आहेत. सारवताना कौसल्याबाईंनी पुसले असणार, पण सिमेंटमध्ये मुरलेत. मी तिथे बसून होतो. कसलाच आवाज नव्हता. मग मला कळलं की गिलावा वाळूमुळे पडत नव्हता.

कौसल्याबाई दारात आल्या. त्यांचा आवाज बसला होता. "आमाला न्हाई ऐकू आलं. पाऊस व्हता, मधी ओढा." जणू त्याच गुन्हेगार. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.


गुरुवार, १ ऑगस्ट

शरच्चंद्र पद्माला कऱ्हाडला घेऊन गेला. स्वारगेटला गाडीत बसवलं. खिडकीशी उभा राहून विचारलं, कधी येशील? ती समोरच्या सीटकडे बघत होती. म्हणाली, "कुठे येऊ?"

म्हटलं, दुसरं घर बघतो. ती म्हणाली, "बघा. तुमच्या पद्धतीने बघा." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.


मंगळवार, १३ ऑगस्ट

झोप येत नाही. माळावर अशी शांतता आहे की कानात सूं वाजतं. दुपारी डोळे उघडे ठेवून पडून राहतो. मी ही जागा दिवसाढवळ्या झोपून पाहिली. अंधार पडल्यावर एकदाही येऊन उभा राहिलो नाही, आणि तिच्या जागी तर कधीच राहिलो नाही. एवढं साधं होतं.

परवा पुन्हा मऊ माल पास झाला. साहेबांनी मेमो दिला नाही. खांद्यावर हात ठेवून गेले.


गुरुवार, २९ ऑगस्ट. पिंपरी

जुन्या चाळीत गेलो होतो. आमची खोली नव्या जोडप्याने घेतली आहे. पण सोजरबाईंच्या दुसऱ्या बाजूची खोली रिकामी झाली. मी सतरंजी नेली नव्हती. चतुराबाईचं उखळ चालू होतं, नळावर भांडणं चालू होती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

सोजरबाईंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.


रविवार, १५ सप्टेंबर

कऱ्हाडला जाऊन आलो. सांगितलं, पिंपरीला चाळीत खोली घेतली, सोजरबाईंच्या लगत. पद्माने ऐकून घेतलं. चहा दिला. हातांवरच्या खपल्या पडल्यात, पण उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. निघताना शरच्चंद्र वेशीपर्यंत आला. म्हणाला, "तिची ट्रंक पाठवून द्याल का? घाई नाही." मी म्हटलं, पाठवतो.


गुरुवार, १९ सप्टेंबर

या खोलीतली पहिली सुट्टी. ट्रंक बांधून दाराशी ठेवली. दिवा मालवून पडलो.

थोड्या वेळाने उशाच्या भिंतीवर थाप आली. मी तसाच पडून राहिलो. ही पद्मासाठीची थाप, माझ्यासाठीची नाही असं वाटलं, की दुसरंच काही वाटलं, सांगता येत नाही. परत आली, जोरात. मग पलीकडे कडी वाजली, बांगड्या वाजल्या आणि दाराबाहेर सोजरबाईंचा आवाज. "दादा, जागे हाव का? बरं हाय ना?"

उत्तर आलं नाही तर त्या उठून येतात. पद्माने हे मला सांगितलं होतं, याच डायरीत आहे.

मी म्हटलं, "हो, बरं आहे." त्या परत गेल्या. मग पलीकडून पुन्हा हलकीच थाप आली, बहुधा त्यांना खात्री करून घ्यायची होती. या वेळी मीही हाताने थापटलं. हात अजिबात दुखला नाही. ही भिंत मातीची आहे.